तोच अर्धा ओहम

थंडी पडली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास दिसते: अमुक इमारतीत आग, 'शॉर्टसर्किट झाल्याचा प्राथमिक अंदाज'. हा अंदाज इतक्या सहज छापला जातो की विजेमुळे लागलेली प्रत्येक आग शॉर्टसर्किटचीच असं आपण धरून चालतो. मग दुसरा समज त्याला येऊन चिकटतो, की एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, बसवला म्हणजे काळजी मिटली. हा समज घातक आहे, आणि तो खोडायला शाळेतली दोन सूत्रं पुरतात.

व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात). शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. २३० व्होल्टवर चालणारा २००० वॉटचा गिझर घ्या. २००० ला २३० ने भागलं की करंट मिळतो ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागलं की कॉइलचा रोध मिळतो, साधारण २६.५ ओहम.

आता फेज आणि न्यूट्रल या विजेच्या दोन तारा एकमेकांना चिकटल्या असं समजा. हेच शॉर्टसर्किट, पाठ्यपुस्तकात याला लघुपरिपथन म्हणतात. वाटेत गिझर नाही, उरला फक्त तारांचा रोध. तो अर्धा ओहम धरला तर करंट होतो ४६० अँपिअर! १६ अँपिअरचा एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. त्याचं कामच ते.

तोच अर्धा ओहम आता दुसरीकडे ठेवू. गिझरचं सॉकेट जुनं झालंय, आतल्या पितळी पट्ट्यांची पकड सैल पडलीय, आणि पिन जिथे टेकते तिथे अर्धा ओहम रोध तयार झालाय. हा रोध गिझरच्या कॉइलशी एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग आहे, म्हणून एकूण रोध २७ ओहम. करंट झाला ८.५ अँपिअर, म्हणजे आधीपेक्षा कमी! एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. पण त्या सैल जागेवर ८.५ गुणिले अर्धा, म्हणजे सव्वाचार व्होल्ट खर्च होतात, आणि सव्वाचार गुणिले ८.५ म्हणजे ३६ वॉट उष्णता. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि त्यावर शिसं-कथलाचं मिश्रण वितळतं. त्याहून जास्त उष्णता तुमच्या भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत, पाणी तापेपर्यंत रोज.

इथे विद्यार्थी हटकून एक प्रश्न विचारतात, आणि तो फार सुंदर आहे. रोध वाढला की उष्णता वाढते की कमी होते? एक सूत्र सांगतं, करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे वाढते. दुसरं सांगतं, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे घटते. दोन्ही खरी. प्रश्न एवढाच, की त्या वस्तूच्या दोन टोकांना काय कायम राहतं? गिझरला मिळणारं व्होल्टेज जवळजवळ ठरलेलं असतं, म्हणून त्याच्या कॉइलचा रोध कमी तेवढी शक्ती जास्त. सॉकेटच्या सैल जागेला मात्र करंट ठरवून मिळतो, तो गिझर ठरवतो. म्हणून तिथे रोध वाढेल तशी उष्णता वाढते. अर्थात बेसुमार नाही. सांध्याचा रोध वाढत वाढत कॉइलएवढा, २६.५ ओहम झाला, तर तिथे ५०० वॉट उष्णता निघेल, हे शिखर. त्यापुढे करंटच इतका घसरतो की हजार ओहमला उष्णता ५० वॉटवर येते. अर्ध्या ओहमपासून त्या शिखरापर्यंतची वाट मात्र सगळी चढाची.

करंटच्या वर्गाचा हा नियम सॅलफर्डच्या एका मद्य बनवणाऱ्या घरातल्या तरुणाने, जेम्स जूलने, पाण्यात तारेचं वेटोळं बुडवून आणि थर्मामीटर वाचून काढला. १८४१ साली तो प्रसिद्ध झाला.

आणि सैल सांधा जागच्या जागी थांबत नाही. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारं पितळ सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचं असतं. दोन पृष्ठभाग टेकतात म्हणजे शिखराला शिखर टेकतं, तेही मोजक्या ठिकाणी, आणि सगळा करंट त्या चिंचोळ्या वाटांनी जातो. जागा तापली की धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, पट्टीचा ताण जातो, टेकलेली शिखरं आणखी कमी होतात. रोध वाढतो, उष्णता वाढते, आणि चक्र पुन्हा फिरतं.

जाता जाता एक. 'सॉकेटमध्ये लावा आणि बिल कमी करा' अशा डब्या जाहिरातीत दिसतात. त्यांच्यात बहुतेक एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग, आणि एक दिवा असतो. घरगुती बिल युनिटवर येतं, आणि गिझरच्या कॉइलचे वॉट कपॅसिटरने घटत नाहीत. ते पैसे चांगल्या सॉकेटवर खर्च करा.

आंघोळ झाली की बटण बंद करा आणि कोरड्या हाताने लगेच प्लगच्या प्लास्टिकला बोट लावून पाहा. किंचित कोमट असेल तर चिंता नाही. बोट ठेववत नसेल, किंवा पिनेभोवती प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, तर गिझर वापरू नका आणि वायरमनला बोलवा. नुसता नवा प्लग लावून घेऊ नका, सॉकेटही बदलायला सांगा. तापून ताण गेलेली पट्टी नव्या पिनेलाही घट्ट धरत नाही.