सर्व्हर-स्थलांतर आणि खेळातील अर्थव्यवस्था

सर्व्हर-स्थलांतर म्हणजे ऑनलाइन खेळातील पात्र एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची सोय. हजारो खेळाडू एकाच जगात वावरतात अशा खेळांत प्रत्येक सर्व्हर ही बहुधा त्या जगाची स्वतंत्र प्रत असते आणि तेथील बाजार, भाव व चलनाचा साठा त्या सर्व्हरपुरताच असतो. पात्र हलले की त्याच्याबरोबर सोने आणि सामानही हलते. म्हणून ते जेथे उतरते तेथील बाजाराला झळ न लागू देणे हा या सोयीचा सर्वांत अवघड भाग आहे.

गोव्यातील खेळाडूंना या सोयीची गरज का भासते, हे समजण्याजोगे आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ किंवा ‘फायनल फँटसी १४’ या खेळांचे सर्व्हर भारतात नाहीत, त्यामुळे पणजी, म्हापसा वा मडगावच्या खेळाडूला दूरदेशीचा सर्व्हर निवडावा लागतो. मध्य युरोपात हिवाळ्यात रात्रीचे ८ वाजतात तेव्हा गोव्यात साडेबारा झालेले असतात. जागरण सोसेना, मित्र दुसरीकडे गेले किंवा सर्व्हर ओस पडला, की पात्र हलवण्याचा विचार सुरू होतो. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये २००६ पासून पैसे भरून असे स्थलांतर करता येते; मात्र युरोप आणि अमेरिका यांसारख्या वेगवेगळ्या विभागांमध्ये पात्र नेता येत नाही.

भावांतील तफावत हे अडचणीचे मूळ आहे. राक्षस मारला किंवा मोहीम पूर्ण केली की खेळ नवे सोने निर्माण करतो; शस्त्रांची दुरुस्ती, प्रवासभाडे, लिलावातील कपात अशा वाटांनी ते नष्ट होते. निर्मिती जास्त आणि नाश कमी असला, तर अनेक वर्षे चाललेल्या सर्व्हरवर सोने साचते आणि भाव चढतात, तर नुकत्याच उघडलेल्या सर्व्हरवर नाणे दुर्मीळ असते. समजा, अशा नव्या सर्व्हरवर फोंड्यातील एक विद्यार्थिनी औषधी वनस्पतींच्या जुड्या २ नाण्यांना विकत घेते, ३ जुड्यांची एक कुपी बनवते आणि ती १० नाण्यांना विकते. एका कुपीमागे तिला ४ नाणी सुटतात. जुन्या सर्व्हरवरून ५०,००० नाणी घेऊन आलेला खेळाडू एका रात्रीत बाजारातील सगळ्या जुड्या उचलतो आणि ६ नाण्यांना पुन्हा मांडतो. आता कुपीचा खर्चच १८ नाणी होतो. कुपी घेणारी गिऱ्हाइके तिच्यासारखीच नवखी असल्याने तेवढी किंमत देणे त्यांना परवडत नाही, आणि तिचा धंदा बसतो. तिने कोणताही नियम मोडलेला नाही, स्थलांतरही केलेले नाही. सर्व्हर-स्थलांतराचे नियम करताना पहिला विचार जागच्या जागी राहिलेल्या अशा खेळाडूंचा व्हायला हवा, आणि नेमका तोच मागे पडतो.

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे बरोबर नेण्याच्या सोन्यावर मर्यादा. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये ती पात्राच्या पातळीनुसार ठरवली गेली, शिवाय लिलावात माल चालू असेल किंवा टपालपेटीत काही पडून असेल, तर स्थलांतर होत नाही. पातळीवरून मर्यादा ठरवणे सोपे असले, तरी माप चुकीच्या टोकाला लावले जाते. त्याच पातळीच्या पात्राने नेलेली रक्कम एका सर्व्हरवर किरकोळ असते आणि दुसऱ्यावर बाजार हलवणारी ठरते. मर्यादा पात्र जेथे उतरते त्या सर्व्हरचे वय आणि तेथील सामान्य खेळाडूची ऐपत पाहून ठरायला हवी. दुसरी उणीव याहून मोठी आहे : सोने अडवले, तरी ते आधीच मौल्यवान, जागा कमी व्यापणाऱ्या वस्तूंत गुंतवून नेता येते. गोव्यातील वाचकाला हे पत्रादेवीच्या सीमेवरून कळेल. गोव्यात मद्य स्वस्त आणि महाराष्ट्रात महाग, म्हणून पलीकडे इन्सुलीच्या नाक्यावर ‘गोवा बनावटीची दारू’ शोधण्यासाठी गाड्या तपासल्या जातात. तो नाका प्रवाशांच्या खिशातील नोटाच मोजत बसला, तर बाटल्या निघून जातील.

वस्तूंसाठी म्हणून वेगळे नियम लागतात. घातली की त्याच पात्राशी कायमची बांधली जाणारी शस्त्रे व चिलखते विकता येत नाहीत, त्यामुळे ती कितीही नेली तरी बाजाराला धोका नसतो. इतर मालावर काही आठवडे विक्रीबंदी ठेवून स्वतःच्या वापराची मोकळीक देणे हा उपाय प्रामाणिक प्रवाशाला फारसा जाचत नाही, पण व्यापारासाठीच आलेल्याचा हिशेब बिघडवतो. नवा सर्व्हर काही काळ बाहेरच्यांना पूर्ण बंद ठेवणे त्याहून कडक. ‘वॉरक्राफ्ट क्लासिक’ने २०२२ मध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी उघडलेल्या सर्व्हरांवर हेच केले. ‘फायनल फँटसी १४’मध्ये २०१९ पासून दुसऱ्या सर्व्हरला पाहुणा म्हणून भेट देता येते, तेथे पाहुण्याला खरेदी करता येते, पण माल विकायला मांडता येतो तो फक्त स्वतःच्या सर्व्हरवर. स्वस्त माल बाहेर जाण्याची वाट यातही उरतेच, आणि लहान सर्व्हरवरील फळ्या रिकाम्या होतात.

नियम चोख असले, तरी नोंदी हलवण्यातील एक चूक सगळे पाण्यात घालवू शकते. पात्र हलवणे म्हणजे एका ठिकाणी नोंद उतरवणे आणि दुसऱ्या ठिकाणची मिटवणे; ही दोन्ही कामे एकत्र पूर्ण व्हावीत किंवा दोन्ही रद्द व्हावीत, अर्धवट राहू नयेत. २८ सप्टेंबर २०२१ रोजी आलेल्या ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’मध्ये ऑक्टोबरात स्थलांतर सुरू झाल्यावर सोने दुप्पट करण्याची पळवाट उघडकीस आली आणि ही सोय थांबवावी लागली. नोव्हेंबरच्या आरंभी तशाच दुसऱ्या पळवाटेमुळे खेळाडूंमधील सगळी संपत्तीची देवघेव काही काळ बंद ठेवली गेली. स्थलांतरापूर्वी पात्र गोठवणे आणि दोन्ही सर्व्हरांवरील सोन्याची बेरीज आधी व नंतर ताडून पाहणे, हा त्यावरचा साधा पहारा आहे.

तफावतच मिटवणे हा निराळा मार्ग. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये चीन वगळता जवळजवळ सगळे खेळाडू एकाच सर्व्हरवर असतात, तो खेळ चालवणाऱ्या कंपनीने २००७ मध्ये अर्थतज्ज्ञाचीही नेमणूक केली. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये बाजार सर्व सर्व्हरांना सामाईक आहे आणि विक्रीवर एकूण १५ टक्के कपात होऊन तेवढे सोने नष्ट होते. ‘वॉरक्राफ्ट’नेही २०२२ मध्ये कच्च्या मालाचा लिलाव विभागभर एक केला. यामुळे स्थलांतरित व्यापाऱ्याचा फायदा उरत नाही, परंतु आपल्या छोट्या सर्व्हरवर नावाने ओळखला जाणारा कारागीर हजारो अनोळखी विक्रेत्यांच्या यादीत हरवतो.

भारतात गाजलेले स्थलांतर मात्र वेगळ्या जातीचे होते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) सुरू झाल्यावर जुन्या खात्यातील सामान त्यात आणण्याची मुभा मिळाली. त्या खेळात खेळाडूंनी एकमेकांना माल विकण्याचा बाजार नाही, सामान बहुतांशी पोशाखांचे आणि शस्त्रांच्या रंगरूपाचे असते. त्यामुळे कोणी कितीही आणले, तरी शेजारच्या खेळाडूच्या पिशवीतील वस्तूचे मोल बदलले नाही.