काउंटी वैद्यकीय परीक्षक (अमेरिका)

अमेरिकेत अपघाती, हिंसक किंवा संशयास्पद मृत्यूंची चौकशी बहुतांश राज्यांत काउंटीच्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्ह्याच्या, पातळीवर होते. ही चौकशी निवडून आलेल्या कॉरोनरकडून काढून न्यायवैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या, नेमणुकीने आलेल्या डॉक्टरकडे, म्हणजे वैद्यकीय परीक्षकाकडे, सोपवण्याची सुधारणा तेथे जवळपास दीडशे वर्षे चालू आहे आणि ती अजूनही अपुरी आहे.

कॉरोनर हे पद इंग्लंडमधून आले. 1194 मध्ये तेथे नेमलेल्या या अधिकाऱ्याला मुख्यतः राजाच्या महसुलाचे हित पाहायचे होते. अमेरिकेत ते पद निवडणुकीचे झाले आणि अनेक राज्यांत त्यासाठी वैद्यकीय पदवीची अट आजही नाही. मॅसॅच्युसेट्सने 1877 मध्ये कॉरोनर बंद करून डॉक्टर नेमले. न्यूयॉर्क शहरात 1915 च्या अहवालातून उघड झाले की अंत्यविधीचे व्यावसायिक, नळकारागीर, दारूचे गुत्तेवाले अशी माणसे या पदावर बसून गेली होती. त्याच वर्षी कायदा झाला आणि 1918 मध्ये डॉ. चार्ल्स नॉरिस मुख्य वैद्यकीय परीक्षक झाले. त्यांनी रसायनतज्ज्ञ अलेक्झांडर गेटलर यांच्यासह उभारलेली विषतपासणीची प्रयोगशाळा ही या सुधारणेची सर्वांत मोलाची कमाई मानावी लागेल.

डॉक्टर असल्याने नेमका काय फरक पडतो, हे जळालेल्या घरात सापडलेल्या प्रेतावरून कळते. श्वासनलिकेत काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला, तर आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता. दोन्ही नसतील, तर तो आधीच मेलेला असण्याची आणि आग पुरावा पुसण्यासाठी लावलेली असण्याची शंका घ्यावी लागते. मृत्यूचे कारण ठरल्यावर प्रकारही नोंदवायचा असतो: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध किंवा अनिर्णित. विम्याची रक्कम आणि खुनाचा खटला पुष्कळदा या एका शब्दावर अडतात, म्हणूनच तो लिहिणाऱ्याला पुढच्या निवडणुकीची चिंता नसावी.

राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2009 च्या अहवालानेही कॉरोनर पद्धत संपवण्याचे उद्दिष्ट मांडले. तरी अडचणी खऱ्या आहेत. काही राज्यांत हे पद राज्यघटनेतच असल्याने घटनादुरुस्तीवाचून ते हटत नाही, छोट्या काउंटीला पूर्णवेळ तज्ज्ञ परवडत नाही आणि असे तज्ज्ञ देशभरातच कमी आहेत. मेरीलँडने 1939 मध्ये संपूर्ण राज्यासाठी एकच कार्यालय स्थापून यावर मार्ग काढला. ओहायोतील कायहोगा काउंटीने आपल्या कारभाराच्या नव्या सनदेनुसार 2011 मध्ये वैद्यकीय परीक्षक नेमला.

कॅलिफोर्नियातील बहुतेक काउंटींत शेरीफ, म्हणजे काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख, हाच कॉरोनर असतो. कोठडीतील मृत्यूची तपासणी अशा वेळी कोठडी सांभाळणाऱ्याच खात्याकडे जाते, हा या व्यवस्थेचा सर्वांत गंभीर दोष होय. सॅन होआकीन काउंटीत शवविच्छेदन करणाऱ्या दोन डॉक्टरांनी शेरीफच्या हस्तक्षेपाचा आरोप करून 2017 मध्ये राजीनामे दिले, तेव्हा पुढच्या वर्षी काउंटी मंडळाने स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाच्या बाजूने ठराव केला.

मुंबईतही 1871 च्या कायद्याखाली कॉरोनरचे न्यायालय होते. ते 1999 मध्ये बंद झाले, पण त्याची जागा वैद्यकीय परीक्षकाने घेतली नाही: अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा पोलिसांकडे राहिला, शवविच्छेदन सरकारी डॉक्टरांकडे.