देवाला किती हिट पॉइंट्स? थेरोसच्या जगामागची गोष्ट

जुलै २०२० मध्ये 'मिथिक ओडिसीज ऑफ थेरोस' हे पुस्तक छापून आलं, तेव्हा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) हा खेळ सेहेचाळीस वर्षांचा झाला होता. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण डन्जन मास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होऊन बोलतात, आणि कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा निकाल देतो. ते जग, म्हणजे तिथली शहरं, नकाशे, जुनी भांडणं आणि देव, यालाच खेळणारे 'कॅम्पेन सेटिंग' म्हणतात. थेरोस हे असंच एक जग. ते ग्रीक पुराणकथांच्या मातीतून घडवलेलं आहे, पण आलं मात्र वाकड्या वाटेनं, पत्त्यांच्या एका खेळातून.

तसे ग्रीक पाहुणे या खेळात पहिल्या दिवसापासून होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली जी पेटी काढली, तिच्यातल्या तीन छोट्या पुस्तिकांत मिनोटॉर, मेडुसा, सेंटॉर, हायड्रा आणि पेगॅसस ही मंडळी हजर होती. फक्त त्यांची गोष्ट बाहेर राहिली होती. ग्रीक कथेत मेडुसा नावाची एकच अभागी बाई आहे. खेळात मेडुसांची अख्खी जात झाली, कुठल्याही तळघरात दोन-चार सापडतील अशी. गॉर्गनचं तर विचारूच नका. ग्रीकांच्या लेखी मेडुसा ही तीन गॉर्गन बहिणींपैकी एक. इथं मात्र गॉर्गन म्हणजे लोखंडी खवल्यांचा बैल! त्याचं मूळ सतराव्या शतकातल्या एका इंग्रजी प्राणिकोशात आहे. पुराणातून राक्षस तेवढे उचलायचे आणि त्यांना शाप देणारे देव तिथंच सोडायचे, असा हा सुरुवातीचा कारभार.

देव आले १९७६ मध्ये. रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांच्या 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' या पुरवणीत ग्रीक, इजिप्शियन, नॉर्स असे बरेच देव होते, आणि आपलेही होते. प्रत्येकाला राक्षसासारखाच तक्ता: चिलखताचा आकडा, हिट पॉइंट्स, फटक्याची ताकद. हिट पॉइंट्स म्हणजे मरेपर्यंत किती मार सोसता येईल त्याचं माप. संपादक टिम कास्क यांनी प्रस्तावनेत हेतू सांगून टाकला होता. काही टोळकी खिरापतीसारखी बक्षिसं वाटून आपली पात्रं चाळिसाव्या पातळीच्याही वर नेऊन ठेवत. त्यांना लाज वाटावी म्हणून हे आकडे. नॉर्स देवांचा राजा ओडिन, त्यालाच जर तीनशे हिट पॉइंट्स असतील, तर तुमच्या चव्वेचाळिसाव्या पातळीच्या सरदाराला कोण विचारतो, असा सवाल.

उपाय उलटला. आकडा दिला की तो शून्यावर आणता येतो, हे खेळणाऱ्याला शिकवावं लागत नाही. काहींनी ती पुरवणी शिकारीची यादी म्हणूनच वाचली. १९८० साली 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' हे जाड पुस्तक आलं. त्यातही झ्यूस आणि पोसायडन आकड्यांसकट उभे होते, आणि शेजारच्या प्रकरणात इंद्र, अग्नी, यम. आज ती पानं चाळताना इंद्राच्या नावाखाली चिलखताचा आकडा बघून मला रागाच्या आधी हसू येतं. देवाकडे पाहण्याची ती एक पद्धत होती: सगळ्यात मोठा राक्षस.

पुढची काही वर्षं झरझर सांगता येतील. १९९४ मध्ये 'एज ऑफ हीरोज' हे ग्रीक काळावरचं मार्गदर्शक पुस्तक निघालं, पण ती इतिहासाच्या बाजूनं झुकलेली मालिका होती. २००६ मध्ये ऑलिव्हिए लग्राँ यांनी 'मेझेस अँड मिनोटॉर्स' फुकट वाटला. त्यामागची कल्पना झकास: हा छंद एल्फ आणि ड्वार्फ यांच्याऐवजी ग्रीक वीरांपासून सुरू झाला असता तर कसा दिसला असता? त्याच वर्षी जॉन हार्पर यांचा 'एगॉन' आला. त्यात वीर आपापसांत कीर्तीसाठी चुरस करतात. होमरचे वीरही हेच करत होते. तरीही मुख्य खेळात देवांचं काय करायचं, हा प्रश्न लोंबकळतच होता.

उत्तर सापडलं ते 'मॅजिक: द गॅदरिंग'मध्ये. रिचर्ड गारफिल्ड यांचा हा १९९३ चा पत्त्यांचा खेळ ज्या कंपनीचा, त्या विझार्ड्स ऑफ द कोस्टनं १९९७ साली डी अँड डीची मूळ कंपनी टीएसआर विकत घेतली होती. दोन्ही खेळ एकाच छपराखाली आले, पण कित्येक वर्षं त्यांच्यात येणं-जाणं नव्हतं. सप्टेंबर २०१३ मध्ये मॅजिकचा 'थेरोस' हा संच आला, आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत आणखी दोन. तीन संच मिळून पंधरा देव.

या देवांचा नियम मुळातून पाहावा असा आहे. मॅजिकच्या पत्त्यावर वरच्या कोपऱ्यात त्याची किंमत रंगीत चिन्हांत छापलेली असते. तुम्ही समोर मांडलेल्या पत्त्यांवरची एका रंगाची चिन्हं मोजायची. ती तुमची त्या रंगावरची भक्ती, नियमांच्या भाषेत 'डिव्होशन'. सूर्यदेव हेलिओडचा पत्ता टाकला तरी तो लगेच लढायला उतरत नाही. पांढरी चिन्हं पाच भरली की तो सदेह प्रकटतो. चार असतील तर नुसती मंत्रशक्ती म्हणून टेबलावर राहतो: नष्ट करता येत नाही, पण हल्लाही करत नाही. पुढच्या संचांतल्या दुरंगी देवांना सात लागतात. चिन्हं मोजण्याची युक्ती नवी नव्हती. २००८ च्या एका संचात 'क्रोमा' नावानं ती येऊन गेली होती आणि कुणाला फारशी भावली नव्हती. त्याच हिशेबाला भक्ती म्हटलं आणि तो जिवंत झाला. देव भावाचा भुकेला, असं आपण सहज म्हणतो. इथं ते अक्षरशः नियमात बसवलेलं होतं.

जगाची रचनाही याच तत्त्वावर केली. थेरोसमधले देव माणसांच्या श्रद्धेतून घडतात आणि तिच्यावरच टिकतात. झेनागोस नावाच्या सॅटरला (अर्धा माणूस, अर्धा बोकड) हे गुपित कळतं, तो बेफाम उत्सव भरवून त्या जोरावर स्वतःच देव होतो, आणि पुढे मारलाही जातो. खऱ्या ग्रीक देवांची नावं वापरली असती तर ही मोकळीक मिळाली नसती; अपोलो मेला असं कोण ऐकून घेईल? म्हणून नावं ओळखीची वाटतील इतपतच ठेवली. थासा म्हटलं की ग्रीकांचा समुद्र, थालासा, आठवतो. पुरफोरोस म्हणजे जवळजवळ 'अग्निधारी'. झ्यूस तर वाटूनच टाकला: सिंहासनाचा तोरा हेलिओडकडे, वीज केरानोसकडे. युद्धदेवाचे जुळे भाऊ केले, विजयाचा इरोआस आणि कत्तलीचा मोगिस. मेलेटिसमध्ये अथेन्स दिसतं, अक्रोसमध्ये स्पार्टा, सेटेसामध्ये अमॅझॉन स्त्रिया. देवांच्या शरीरात तारे चमकतात, कारण त्यांचं घर निक्स, म्हणजे रात्रीचं आकाशच.

मला सगळ्यात आवडतात ते 'परतलेले'. पाताळातून निसटून येता येतं, पण आपण कोण होतो ही ओळख तिथंच ठेवून. ते सोन्याचा मुखवटा घालून फिरतात, आणि स्वतःचा पूर्वीचा चेहरा त्यांना आठवत नाही.

दोन खेळांमधली भिंत पाडायला सुरुवात झाली २०१६ मध्ये. जेम्स वायट यांनी 'प्लेन शिफ्ट' नावाच्या मोफत पीडीएफ पुस्तिकांतून मॅजिकची जगं डी अँड डीत आणली. त्यांत भारतीय वळणाचं कलादेशही होतं. रोमन लिपीतलं ते नाव 'कला' वाचायचं की 'काळा', हे वाचणाऱ्यावर. २०२५ पर्यंत त्या जगाचं नाव बदलून 'आविष्कार' झालं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये राव्निका या जगावर पहिलं छापील पुस्तक निघालं. जानेवारी २०२० मध्ये मॅजिक पुन्हा थेरोसला परतला. त्या वेळी दैवाची देवी क्लोथिस आली आणि मेलेल्या झेनागोसची जागा भरून पंधराचा आकडा कायम राहिला. त्यानंतर पुस्तक: जूनमध्ये डिजिटल, आणि छापील प्रत साथीच्या गोंधळात जुलैत.

भक्तीचा नियम पुस्तकात 'पायटी' होऊन आला. पात्रानं देव निवडला की खात्यावर एक गुण. त्या देवाला रुचेल असं वागलं की डन्जन मास्टर तो वाढवतो. ३, १०, २५ आणि ५० या टप्प्यांवर देव काहीतरी देतो. देवाच्या मनाविरुद्ध वागलं की गुण उतरतो, आणि टप्प्याखाली गेला की दिलेलं परत जातं. नवस बोलणाऱ्याला आणि फेडायला विसरणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. कुठल्याच देवाला न मानणाऱ्या पात्राचीही सोय आहे. त्याला 'आयकॉनोक्लास्ट' ही वेगळी देणगी मिळते.

लढायला राक्षस पुष्कळ आहेत. त्यांतले काही 'मिथिक': ट्रोमोक्रॅटिस हा प्रचंड क्रेकन, म्हणजे समुद्रराक्षस, मेला असं वाटतं आणि तिथून खरी लढाई सुरू होते. त्याचा तक्ता आहे, हायथोनिया या मेडुसेचा आहे, कोळी किड्याच्या रूपातल्या आरास्टाचा आहे. हेलिओडचा मात्र नाही. त्याची शकुनचिन्हं, त्याचे शत्रू, त्याचे रुसवे, त्याला काय केलं की आवडतं, हे सगळं पानोपानी दिलंय. हिट पॉइंट्सचा आकडा कुठंच नाही.