ताकायामाचे यताई : करमाफी, लाकूड आणि सावकारांची हौस

जपानच्या गिफू प्रांतातल्या ताकायामा या डोंगरी गावात साकुरायामा हाचिमान देवस्थानाच्या आवारात ‘यताई काइकान’ हे संग्रहालय आहे. यताई म्हणजे उत्सवात ओढायचे रथ. काचेआड उभे असलेले चार रथ पाहताना सोन्याच्या मुलाम्यावर नजर खिळते आणि हे राजेरजवाड्यांचं काम असणार असं वाटतं. प्रत्यक्षात हे रथ गावातल्या आळ्यांचे, व्यापाऱ्यांच्या पैशातून घडलेले. आडबाजूच्या खोऱ्यात एवढी कारागिरी कुठून आली, याचं उत्तर शोधायला करवसुलीच्या इतिहासात बरंच मागे जावं लागतं.

या भागाचं जुनं नाव हिदा. चहूबाजूंनी डोंगर, शेती बेताची, जंगल मात्र अमाप. आठव्या शतकातल्या कायद्याने हिदाला कापड वगैरे रूपातले कर माफ केले आणि त्याबदल्यात दर 50 घरांमागे 10 सुतार राजधानीत पाठवायची अट घातली. आधी नारा आणि मग क्योतोची देवळं-राजवाडे बांधायला ही माणसं वर्षवर्ष घरापासून दूर राबली. काम इतकं जड की पळून जाणारेही होते. ‘हिदाचे सुतार’ ही ख्याती अशी सक्तीतून जन्मली, हे संग्रहालयात कौतुक करताना सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

1586 पासून इथे कानामोरी घराण्याचा अंमल सुरू झाला. किल्ल्याभोवतीची आखीव पेठ त्यांनी वसवली. लाकडाच्या रेषा झाकून न टाकता उजळवणारं पारदर्शक ‘शुंकेई’ लाखकामही त्यांच्याच काळातलं. पण 1692 मध्ये शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाने, कानामोरींची दूर बदली केली आणि हिदा थेट आपल्या ताब्यात घेतलं. डोळा अर्थातच जंगलावर आणि खाणींवर होता. सरदार गेला, कचेरी आली आणि गावातलं वजन हळूहळू सावकार-व्यापाऱ्यांकडे सरकलं.

या मंडळींकडे पैसा होता, पण तो मिरवायची सोय नव्हती. घर किती उंच बांधायचं, लाकूड कुठलं वापरायचं, यावरही सरकारी बंधनं. मग देवाच्या नावाने रथावर खर्च केला तर कोण अडवणार? असं गावात सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. त्यात आळीआळींची चुरस. शेजारच्या आळीने नवं कोरीवकाम केलं की आपल्या रथाचा जीर्णोद्धार निघालाच! हौसेला मोल नसतं, म्हणतात ते उगाच नाही. एकोणिसाव्या शतकात तानिगुची योरोकुसारख्या कोरक्याने किरिन-ताई या रथावर खेळणारी मुलं कोरली, तोवर ही चढाओढ कळसाला पोचली होती.

चाकांकडे जरूर पाहावं. गल्ल्या अरुंद, रथ अवजड आणि उंच. कोपऱ्यावर वळण्यासाठी एक जादा चाक खाली सोडतात, रथाचा पुढचा भाग त्यावर पेलतात आणि मग अख्खा रथ फिरवतात. माझ्या मते सोन्याच्या पत्र्यापेक्षा सुतारांची अक्कल या चाकात जास्त दिसते.

काही रथांवर काराकुरी, म्हणजे कळसूत्री बाहुल्या आहेत. शरद ऋतूतल्या उत्सवात ही करामत एकट्या होतेई-ताई रथाची. रथात दडलेली माणसं 36 दोऱ्या हलवतात. दोन छोट्या बाहुल्या एका झोक्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत थेट होतेई देवाच्या अंगाखांद्यावर जाऊन बसतात.

ताकायामात उत्सव दोन: 14-15 एप्रिलला हिए देवस्थानाचा, 12 रथांचा, आणि 9-10 ऑक्टोबरला हाचिमानचा, 11 रथांचा. पाऊस आला तर रथ बाहेर निघतच नाहीत, कारण लाखकाम आणि जुनी वस्त्रं भिजवणं कुणाला परवडत नाही. एरवी ते आळीतल्या उंच दारांच्या, जाड मातीच्या भिंतींच्या कोठारात बंद असतात. लाकडी घरांच्या गावात आगीची भीती कायमचीच, म्हणून ही तटबंदी.

1960 मध्ये या रथांना राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाच्या लोकवारशाचा दर्जा मिळाला आणि 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत जपानमधले 33 रथोत्सव एकत्र नोंदले गेले, त्यात ताकायामा आहे. पण कोठारं बंद आणि पाहुणे वर्षभर येणार, ही अडचण संग्रहालयाने सोडवली. तिथे फक्त शरद उत्सवातले रथ असतात, अकरांपैकी चार, आणि वर्षातून तीनदा ते बदलतात. त्यामुळे एखादा ठरावीक रथच पाहायचा असेल तर आधी चौकशी करावी. किरिन-ताई तर वसंतातला, तो इथे सापडणारच नाही. रथांसोबत एक प्रचंड पालखीही आहे, ती उचलायला 80 माणसं लागतात. त्याच तिकिटावर शेजारच्या दालनात जपानमधल्याच निक्को या ठिकाणच्या तोशोगू देवस्थानाची एक-दशांश आकाराची प्रतिकृती पाहता येते. ती घाईत उरकू नये.