‘पात्र’ कोण? मुंबईच्या झोपड्यांमागच्या एका तारखेची पार्श्वभूमी

मुंबईतल्या कुठल्याही झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेची बातमी उघडा, त्यात ‘इतके पात्र, इतके अपात्र’, म्हणजे किती जणांना नवं घर मिळणार आणि किती जणांना नाही, हे आकडे असतातच. वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. पण ज्याच्या नावापुढे दुसरा शब्द पडतो, त्याची पुढची दहा-पंधरा वर्षं त्या एका शब्दाशी झगडण्यात जातात. हा शब्द कायद्यात एका दिवसात आलेला नाही. त्याच्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास मुख्यतः तारखांचा आहे.

फार मागे जायची गरज नाही. 1896 च्या प्लेगनंतर सरकारने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, आणि तिथली माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहायला गेली. स्वातंत्र्यानंतरही जवळपास 1970 पर्यंत झोपडपट्टीवर एकच उपाय ठाऊक होता : पाडणं. पाडलेली झोपडी महिन्याभरात पुन्हा उभी राहायची, कारण गिरणी, गोदी, बांधकाम आणि घरकाम ही सगळी कामं तिथेच होती.

1971 साली राज्याचा झोपडपट्टी सुधारणा कायदा आला आणि नळ, संडास, गटार, दिवे देणं हे सरकारचं काम ठरलं. पण कोणाला द्यायचं? म्हणून 4 जानेवारी 1976 या एका दिवसात शहरभर झोपड्यांची गणना झाली. सुमारे 28 लाख माणसं मोजली गेली. मोजलेल्या कुटुंबांना ओळखपत्रं मिळू लागली. तोच ‘फोटोपास’. कुटुंबाचा फोटो, झोपडीचा क्रमांक, शिक्का. त्या दिवसापासून वस्तीत दोन प्रकारची माणसं झाली, गणनेतली आणि गणनेनंतरची. मोजलं गेलं म्हणजे राहायची हमी मिळाली, असंही नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात, आणीबाणी चालू असताना, मानखुर्दजवळची जनता कॉलनी पोलीस बंदोबस्तात उठवली गेली. सुमारे 70 हजार माणसांना चित्ता कॅम्पच्या दलदलीत नेऊन सोडलं.

1981 मध्ये भर पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या पाडून माणसांना बसमध्ये घालून शहराबाहेर धाडायला सुरुवात झाली. प्रकरण आधी उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. 10 जुलै 1985 चा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो, कारण उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं घटनापीठाने त्यात म्हटलं. निकालाचा दुसरा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही. नोटीस देऊन, 31 ऑक्टोबरनंतर, झोपड्या हटवायला परवानगी मिळाली होती. आणि ज्यांच्याकडे 1976 च्या गणनेचा पुरावा असेल त्यांना पर्यायी जागा द्या, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे जगण्याच्या हक्काच्या एवढ्या मोठ्या निकालातही पर्यायी जागेच्या दारावर तारीख उभी होती.

ती तारीख पुढे सरकत राहिली. 1976 ची 1980 झाली, मग 1985, मग 1990. याच काळात जागतिक बँकेच्या मदतीने एक वेगळी योजनाही चालली. वस्तीखालची जमीन रहिवाशांच्या सहकारी संस्थेला भाडेपट्ट्याने द्यायची, थोडं कर्ज द्यायचं आणि घर ज्याचं त्याने बांधायचं. या योजनेत इमारत नव्हती, बिल्डर नव्हता, कोणाला हलवायचंही नव्हतं. माझ्या मते मुंबईने सोडून दिलेली सगळ्यात शहाणी वाट हीच. 1994 च्या सुमारास ती संपली आणि पुन्हा कोणी उचलली नाही.

मग 1995 आलं. विधानसभेच्या प्रचारात 40 लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचं आश्वासन दिलं गेलं. सत्ता बदलली, समिती बसली, वर्षअखेरीस स्वतंत्र प्राधिकरण उभं राहिलं. पाच वर्षांत आठ लाख घरं. प्रत्येकाला 225 चौरस फूट, फुकट. खर्च बिल्डर करणार आणि तो विक्रीच्या इमारतीतून आणि टीडीआरमधून, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्कातून, वसूल करणार. सत्तर टक्के रहिवाशांची संमती हवी. आणि पात्रतेसाठी तारीख : 1 जानेवारी 1995.

इथे थांबायला हवं, कारण सगळा गुंता इथे आहे. जानेवारीची पहिलीच का? त्या दिवशी वस्तीत काही घडलं नव्हतं. मतदार यादीचा अर्हता दिनांक, म्हणजे यादीत नाव येण्याची पात्रता ज्या दिवशी धरली जाते तो दिवस, तेव्हा 1 जानेवारी असायचा, म्हणून. त्या तारखेच्या किंवा आधीच्या यादीत नाव हवं, झोपडी हवी, आणि आज राहणाराही तोच हवा. घराचा हक्क मतदार यादीला बांधला गेला तो असा. तेव्हापासून तारीख ही निवडणुकीच्या जाहीरनाम्यात लिहायची गोष्ट झाली, यात मला नवल वाटत नाही. ती जन्मालाच तिथून आली होती.

आता ‘पात्र’ हा शब्द घ्या. पात्र कोण असतं, झोपडी की माणूस? अधिकाऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, दोन्ही. वस्तीत मात्र दोन्ही एकत्र टिकत नाहीत. 1988 साली बांधलेली झोपडी 1999 मध्ये विकली गेली, घेणारा तेव्हापासून तिथेच राहतो. झोपडी तारखेच्या आतली, माणूस तारखेनंतरचा. विक्री झाली ती शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, दोन साक्षीदारांसमोर, आणि फोटोपास जुन्याच्याच नावावर राहिला. उलट प्रकारही आहे. माणूस 1982 पासून त्याच वस्तीत, पण रस्तारुंदीत त्याची झोपडी गेली आणि त्याने चार गल्ल्या पलीकडे दुसरी बांधली. माणूस जुना, झोपडी नवी. परिशिष्ट-2 म्हणजे पात्र-अपात्रांची ती यादी. तिच्यात या दोघांनाही वर्षानुवर्षं ‘अपात्र’ हाच शेरा मिळत आला. मग अपील, मग पुन्हा सुनावणी. तोवर वस्ती पाडली जाते आणि पात्र शेजारी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत जातात. हे दोघे मात्र ढिगाऱ्याच्या कडेला ताडपत्री ताणून राहतात.

त्यात पोटमाळा. खाली आईवडील, लोखंडी शिडीने वर मुलगा-सून-नातवंडं. दोन चुली, दोन शिधापत्रिका, कधी दोन वीजमीटर. योजनेच्या लेखी घर एक. वरचा मजला मोजला जात नाही, त्यामुळे वर राहणारे पात्रही नसतात आणि यादीतही नसतात. वरचं कुटुंब भाडेकरू असेल तर त्याच्याविषयी कोणी विचारतही नाही. एक चांगली तरतूद मात्र या योजनेत सुरुवातीपासून आहे आणि ती सांगायलाच हवी. मिळणारं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. पूर्वेकडच्या उपनगरांत अशा किती तरी बायका भेटतात ज्यांच्या नावावर आयुष्यातली पहिली मालमत्ता या योजनेमुळे लागली.

पात्रतेचा पुरावा कसा जपला जातो हे गोवंडीतल्या एका घरात पाहिलं. पत्र्याच्या भिंतीवर, हात उंच केल्यावर पोचेल अशा खिळ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली. आत लॅमिनेट केलेला फोटोपास, जुन्या मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स, विजेची बिलं सालवार लावलेली, एका मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. पिशवी इतकी उंच का? 26 जुलै 2005 ला पाणी कमरेपर्यंत आलं होतं. आधीची पिशवी पलंगाखालच्या पेटीत होती. त्या दिवशी सांताक्रुझला 944 मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. या घरात त्या पावसाची आठवण म्हणजे 1994 ची वीजबिलं. ती लगदा झाली आणि परत मिळाली नाहीत.

तारखेचा सगळ्यात कठोर वापर त्याच्या काही महिने आधी झाला होता. 2004 च्या विधानसभा निवडणुकीत 1995 ची मुदत 2000 पर्यंत वाढवण्याचं आश्वासन होतं. निवडणूक जिंकली गेली. त्यानंतर डिसेंबरात 1995 नंतरच्या झोपड्यांवर बुलडोझर निघाले. दोन-अडीच महिन्यांत सुमारे 80 हजार झोपड्या गेल्या. थंडीत माणसं उघड्यावर राहिली, मुलांच्या शाळा सुटल्या. बाजू मांडणारे म्हणत होते की कुठेतरी रेघ ओढावीच लागते, नाहीतर शहराची जमीन संपेल. हा मुद्दा खोटा नाही. पण ज्यांनी नुकतंच मत दिलं होतं, त्यांच्याच घरांवर ही रेघ फिरवली गेली, हे विसरता येत नाही.

पाण्याचं प्रकरण याहून संथ आणि माझ्या दृष्टीने याहून वाईट. 1996 च्या एका परिपत्रकाने 1995 नंतरच्या झोपड्यांना नळजोडणी द्यायला मनाई केली. घराच्या पात्रतेची तारीख तहानेलाही लागू झाली. पुढची अठरा वर्षं हजारो कुटुंबांनी पिंपावर, कॅनवर, टँकरवर पैसे मोजून पाणी घेतलं, आणि ते नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग पडलं. 15 डिसेंबर 2014 ला उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी आतल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. दर जास्त लावा, सार्वजनिक नळ द्या, पण पाणी द्या.

2000 ची तारीख अखेर 2014 साली कायद्यात आली. ते वर्षही निवडणुकांचं. पुढे 2011 पर्यंतच्या झोपड्यांनाही घर मिळण्याची सोय झाली, पण विकत. 2023 मध्ये त्याची किंमत अडीच लाख रुपये ठरली. म्हणजे आता तीन पायऱ्या आहेत : फुकट पात्र, पैसे भरून पात्र आणि अपात्र. घराचं क्षेत्रफळ 225 वरून 269 आणि नंतर 300 चौरस फूट झालं. आठ लाख घरांपैकी पंचवीस वर्षांनंतरही निम्मी झालेली नव्हती. आणि जी झाली त्यांत सगळीकडे सुख नाही. मानखुर्द-गोवंडीकडच्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे, खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, आणि तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

आता चर्चा धारावीच्या पुनर्विकासाची आहे. तिथे 2000 पर्यंतच्या तळमजल्यावाल्यांना धारावीतच 350 चौरस फूट मिळणार आहे. 2000 ते 2011 मधल्यांना धारावीबाहेर अडीच लाखांत घर, आणि त्यानंतरच्यांना बाहेरच, भाडेतत्त्वावर. पोटमाळ्यावरची कुटुंबंही पहिल्यांदाच मोजली जात आहेत, पण त्यांची घरंही धारावीबाहेर भाड्याची. त्यांच्यासाठी शेवटची तारीख 15 नोव्हेंबर 2022 आहे.  शिडीच्या खालची आई धारावीत राहील आणि वरचा मुलगा कुठे जाईल, हे सर्वेक्षणाच्या अर्जावर भरल्या जाणाऱ्या मजल्याच्या रकान्यातून ठरत आहे.