गर्भजलाचा आकडा आणि त्याची मर्यादा

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफीच्या अहवालात ‘एएफआय’ (गर्भजल निर्देशांक) या अक्षरांपुढे एक आकडा असतो आणि ‘पाणी कमी झाले आहे’ हा निष्कर्ष बहुधा त्याच आकड्यावरून काढला जातो. हा आकडा मिलिलिटरमध्ये नसून सेंटिमीटरमध्ये असतो. म्हणजेच तो पाण्याचे आकारमान सांगत नाही, पडद्यावर दिसणाऱ्या मोकळ्या पाण्याची उभी खोली सांगतो.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजल हे मुख्यतः बाळाचे मूत्र असते. त्यात फुफ्फुसांतून येणाऱ्या द्रवाची भर पडते. हेच पाणी बाळ गिळत राहते आणि काही भाग वारेच्या पृष्ठभागावरील रक्तवाहिन्यांत शोषला जातो. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल साधारण 800 मिलिलिटर असते आणि दिवस भरत येतात तेव्हा बाळाचे रोजचे मूत्रही जवळजवळ तेवढेच होते, त्यामुळे हा साठा सतत बदलता असतो. वारेतून मिळणारा प्राणवायू अपुरा पडू लागला, की बाळाचे शरीर रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवते, मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी रक्त येते आणि मूत्र घटते. गर्भजलावर लक्ष ठेवण्यामागचे हे शास्त्रीय कारण पक्के आहे. प्रश्न आहे तो मोजण्याच्या पद्धतीचा.

1987 मध्ये मांडल्या गेलेल्या पद्धतीत पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागातील पाण्याचा सर्वांत खोल कप्पा मोजतात आणि चारही मापांची बेरीज करतात. हीच बेरीज म्हणजे एएफआय. ती 5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर पाणी कमी, साधारण 24च्या वर गेली तर जास्त, असे मानतात. दुसरी पद्धत सर्वांत खोल असा एकच कप्पा पाहते आणि त्यासाठी 2 ते 8 सेंटिमीटर ही मर्यादा मानते. पोटावर फिरवायचा सोनोग्राफीचा प्रोब किंचित जोराने दाबला किंवा नाळेचे वेढे मोजमापात धरले गेले, तरी आकडा बदलतो. आईच्या शरीरातील पाण्याचाही त्यावर परिणाम होतो: निर्देशांक कमी असलेल्या स्त्रियांनी भरपूर पाणी प्यायल्यावर काही तासांत तो वाढल्याचे आढळले आहे.

दोन्ही पद्धतींची तुलना करणारी एक मोठी चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. हजाराहून अधिक स्त्रियांच्या या चाचणीत चार कप्प्यांच्या पद्धतीने 9.8 टक्के स्त्रियांमध्ये पाणी कमी ठरले, एका कप्प्याच्या पद्धतीने 2.2 टक्के स्त्रियांमध्ये. साहजिकच पहिल्या गटात या कारणासाठी कळा सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. पण नवजात अतिदक्षता विभागात दाखल कराव्या लागलेल्या बाळांच्या प्रमाणात फरक पडला नाही. अधिक मापे घेतली म्हणून निदान अधिक खरे होते, हा समज येथे टिकत नाही, आणि म्हणूनच आज अनेक तज्ज्ञ एका कप्प्याचे माप पसंत करतात.

चोविसाव्या आठवड्याच्या आत पाणी फार कमी होणे ही मात्र सर्वस्वी वेगळी बाब आहे. त्या काळात फुफ्फुसांची वाढ गर्भजलावर अवलंबून असते, शिवाय बाळाच्या मूत्रपिंडांतील जन्मजात दोष किंवा पिशवी फुटून पाणी वाहून जाणे ही कारणे शोधावी लागतात. दिवस भरत आलेले असताना कमी आकडा आला, तर बाळाची वाढ, नाळेतील रक्तप्रवाहाचा डॉप्लर, हृदयाच्या ठोक्यांचा आलेख आणि आईचा रक्तदाब हे सर्व एकत्र पाहूनच निर्णय घेतात.