फुटबॉल क्लबचा मालक आणि समर्थकांचा असंतोष

आपल्या क्लबच्या मालकाला जिंकण्याची आच उरलेली नाही, आणि असली तरी संघ कोणाच्या हाती सोपवावा याची समज त्याला नाही, अशी समर्थकांची पक्की भावना झाल्यावर उभा राहणारा दीर्घकाळचा विरोध. पराभवाचा राग पुढच्या विजयानंतर निवतो. मालकाविषयीचा अविश्वास मात्र संघ जिंकला तरी तसाच राहतो.

हा विरोध बहुतेक वेळा मॅनेजरच्या, म्हणजे संघ निवडणाऱ्या आणि चालवणाऱ्या प्रमुखाच्या, नेमणुकीवरून पेटतो. मालकाचे हिशेब, कर्जे आणि बंद दाराआडच्या बैठका समर्थकांना दिसत नाहीत, नेमणूक मात्र सगळ्यांना दिसते. मालकाच्या मनात काय आहे हे ते तिच्यावरूनच ओळखतात. स्वस्तात मिळाला म्हणून नवखा माणूस आणला का? नावाजलेला आणला, तर त्याला हवे ते खेळाडू दिले का? केवळ किती पैसा ओतला यावर महत्त्वाकांक्षा मोजता येत नाही. मँचेस्टर युनायटेडने २०१३ मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यानंतर खेळाडूंवर अफाट खर्च केला. पण डेव्हिड मोयेस, लुई व्हान खाल, जोझे मोरिन्यो असे एकमेकांशी न जुळणाऱ्या शैलीचे मॅनेजर एकामागून एक आले आणि एकाने जमवलेला संघ दुसऱ्याच्या गळ्यात पडला. तिथल्या समर्थकांचा राग या दिशाहीनतेवरही आहे, आणि तो रास्त आहे.

धनी आणि संघ यांचे नाते इंदूरच्या मराठी माणसाला नवे नाही. होळकर दरबाराने १९२३ मध्ये सी. के. नायडूंना इंदूरला आणले, सैन्यात हुद्दा दिला, आणि पुढे होळकर क्रिकेट संघाची धुरा अनेक वर्षे त्यांच्याकडेच ठेवली. महाराज यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने वाढलेल्या या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला. मार्च १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून नाबाद २४९ धावा करणारा इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन तेव्हा महूच्या छावणीत होता. हाच कॉम्प्टन लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक. १९४८ मध्ये लीग आणि १९५० मध्ये एफए कप जिंकणाऱ्या संघांत तो होता. होळकरांचे यश केवळ तिजोरीचे नव्हते. माणूस पारखून घ्यायचा आणि मग त्याला निवांत काम करू द्यायचे, ही त्यामागची रीत होती. मात्र आश्रय संपला तसा संघही संपला, आणि १९५४-५५ नंतर होळकर हे नाव रणजीच्या पटावरून गेले. पुढे मध्य प्रदेशाने २०२० मध्ये चंद्रकांत पंडितांना प्रशिक्षक नेमले, त्यांना मोकळा हात दिला आणि २०२२ मध्ये मुंबईला हरवून पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला. एका नेमणुकीने काय बदलते हे इंदूरने जवळून पाहिले आहे.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सचे आहे आणि मराठी वाचकाला ते अधिक जवळचे वाटेल. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच, पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेला माणूस. १९९१ मध्ये क्लब हाती घेतल्यावर त्याने त्याच वर्षी केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर केले. तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. १९९२ मध्ये तो सर्वोच्च श्रेणीत, प्रीमियर लीगमध्ये आला, त्याच उन्हाळ्यात अ‍ॅलन शिअररला घेतले, आणि १९९४-९५ मध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगचा विजेता झाला. शिअररने त्या मोसमात लीगमध्ये ३४ गोल केले. वॉकर २००० मध्ये वारला, पण गावाच्या मनात मालक कसा असावा याचे माप कायमचे ठरून गेले.

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने हा क्लब सुमारे २.३ कोटी पौंडांना घेतला. कोंबड्यांच्या व्यवसायातले हे नाव इंदूरच्या दुकानांतही ओळखीचे होते, त्यामुळे पुण्याची कंपनी प्रीमियर लीगमध्ये गेली याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. महिन्याभरातच मालकांनी सॅम अ‍ॅलर्डाइस या अनुभवी मॅनेजरला काढले. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. त्याच्या जागी आला स्टीव्ह कीन. तो संघाचा प्रशिक्षक होता, पण मॅनेजर म्हणून संघ सांभाळल्याचा अनुभव त्याला नव्हता. एकीकडे ब्राझीलच्या जगप्रसिद्ध रोनाल्डिन्योला आणण्याच्या गोष्टी चालू होत्या आणि दुसरीकडे संघाची सूत्रे नवख्याकडे होती. हे दोन्ही एकाच मालकाच्या मनात कसे बसते, हे समर्थकांना कळेना. पहिल्या मोसमात संघ खालच्या श्रेणीत जाण्यापासून शेवटच्या दिवशी कसाबसा वाचला. ७ मे २०१२ रोजी आपल्याच ईवुड पार्क मैदानावर विगनकडून ०-१ हरून तो खाली गेला. त्या सामन्यात समर्थकांनी क्लबच्या रंगांचे कापड गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती.

त्यानंतर नेमणुकांचा अक्षरशः पोरखेळ झाला. कीन सप्टेंबर २०१२ मध्ये गेला, हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकेल अ‍ॅपल्टन ६७ दिवस. २०१७ मध्ये ब्लॅकबर्न तिसऱ्या श्रेणीत उतरला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर इतके खाली उतरण्याची वेळ तोवर दुसऱ्या कुठल्याही क्लबवर आलेली नव्हती. तरी वेंकीजवर पैसे न घातल्याचा आरोप करता येत नाही. क्लबचा तोटा वर्षानुवर्षे त्यांनीच भरून काढला. टोनी मोब्रे फेब्रुवारी २०१७ मध्ये आला, घसरण झाल्यावरही त्याला ठेवले, पुढच्याच वर्षी त्याने संघ वर आणला आणि २०२२ पर्यंत तो टिकला. हाच धीर मालकांनी आधी दाखवला असता तर बरेच काही वाचले असते.

न्यूकॅसल युनायटेडमध्ये मालक माइक अ‍ॅश्लीच्या काळात (२००७–२०२१) मॅनेजरचा अधिकारच कापला गेला. मॅनेजर केविन कीगनने सप्टेंबर २००८ मध्ये राजीनामा दिला. लवादापुढे उघड झाले की एका खेळाडूची खरेदी त्याच्या मनाविरुद्ध झाली आणि त्याला त्या खेळाडूचा खेळ यूट्यूबवर पाहायला सांगितले गेले. लवादाने कीगनला २० लाख पौंड भरपाई दिली. कीगन गेला त्याच मोसमात संघ खालच्या श्रेणीत गेला होता.

विरोधाचे मार्ग अनेक आहेत. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड विकत घेताना कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच टाकला. काही समर्थकांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. २०१० मध्ये हजारो गळ्यांत क्लबच्या जुन्या नावाच्या, न्यूटन हीथच्या, हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर दिसू लागले. २ मे २०२१ रोजी समर्थक क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. विम्बल्डनचा क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायचे ठरवले, तेव्हा २००२ मध्ये समर्थकांनी एएफसी विम्बल्डन उभा केला. २०११ मध्ये तो इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचला.

इंदूरसारख्या शहरातल्या समर्थकाला यातले काहीच करता येत नाही. त्याच्याकडे मोसमाचे तिकीट नाही, म्हणून बहिष्काराचे हत्यार नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतली गर्दी पांगल्यावर चॅम्पियन्स लीगचा सामना लावून बसणारा हा माणूस क्लबच्या हिशेबात दूरचा ग्राहक ठरतो. त्याची निष्ठा मात्र खरी असते, आणि मालकांनी ती गृहीत धरणे हा अन्याय आहे. भारतात कोलकात्याच्या समर्थकांनी दबाव आणून दाखवला आहे. जुलै २०२१ मध्ये ईस्ट बेंगॉलच्या गुंतवणूकदाराशी झालेल्या वादात समर्थक रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर लाठीमार झाला. मोहन बागानच्या समर्थकांनी क्लबच्या नावापुढे जोडलेले ‘एटीके’ हे दुसऱ्या क्लबचे नाव काढण्यासाठी मोहीम चालवली, आणि २०२३ मध्ये ते निघाले.

जर्मनीत १९९८ पासून ‘५० अधिक १’ हा नियम आहे. त्यानुसार बहुमताचे मताधिकार, थोडे अपवाद वगळता, क्लबच्या सदस्यांकडेच राहतात. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक आणला. मालकाची पात्रता तो तपासू शकतो आणि क्लबचे चिन्ह, रंग, मैदान यांबाबत समर्थकांना डावलता येत नाही. मॅनेजर कोण असावा, हा अधिकार मात्र मालकाकडेच आहे.